रॉ फाइल कुणाची? मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांच्या लढाईचा इतिहास

सप्टेंबर २००६. जर्मनीतल्या कोलोन शहरात फोटोकिना हे छायाचित्रण व्यवसायाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. स्वीडनच्या हॅसलब्लाड कंपनीनं तिथे एच३डी हा नवा कॅमेरा मांडला. त्याचे २२ आणि ३९ मेगापिक्सेलचे दोन प्रकार होते, आणि त्या काळात हे आकडे डोळे दिपवणारे होते. पण व्यावसायिक छायाचित्रकारांमध्ये चर्चा झाली ती वेगळ्याच गोष्टीची. या कॅमेऱ्याच्या पाठीला हॅसलब्लाडचीच डिजिटल बॅक, म्हणजे फिल्मच्या जागी बसणारा सेन्सरचा सुटा भाग, चालणार होती. फेज वन, लीफ किंवा आणखी कुणाची बॅक त्यावर बसणार नव्हती. ज्यांनी आधीच्या एच१ आणि एच२ कॅमेऱ्यांसाठी दुसऱ्या कंपनीच्या महागड्या बॅक घेतल्या होत्या, त्यांची पुढची वाट त्या दिवशी बंद झाली.

हा धक्का एवढा का बसला, हे समजायला पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी दुसऱ्या महायुद्धात स्वीडनच्या हवाई दलासाठी कॅमेरे बनवले आणि १९४८ मध्ये न्यूयॉर्कला आपला पहिला नागरी कॅमेरा लोकांपुढे ठेवला. १९५७ मध्ये आलेल्या ५००सी या मॉडेलनं कंपनीला जगभर नाव मिळवून दिलं. या कॅमेऱ्याचे चार सुटे भाग होते: बॉडी, लेन्स, व्ह्यूफाइंडर आणि फिल्म ठेवायचं मॅगझीन. मॅगझीनच्या फटीत पत्र्याची पातळ पट्टी सरकवायची, वरचं बटण सरकवायचं, की मॅगझीन खालच्या आकड्यांवरून अलगद सुटून हातात यायचं. पट्टी आत नसेल तर ते सुटतच नसे, म्हणजे चुकून फिल्मला उजेड लागायची भीती नाही. रोल अर्धा झालेला असतानाही रंगीत मॅगझीन काढून कृष्णधवल लावता येई, किंवा पोलरॉइडची बॅक लावून प्रकाशयोजना तपासता येई. १९६९ मध्ये अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावरून परतले तेव्हा वजन वाचवण्यासाठी त्यांनी हॅसलब्लाडचा कॅमेरा तिथेच ठेवला. फिल्म असलेली मॅगझीनं तेवढी सोबत आणली.

सुट्या भागांच्या या रचनेमुळे कॅमेऱ्याची पाठ सगळ्यांसाठी खुली राहिली. तिथे जोडणी होती ती आकड्यांची, दात्यांची आणि मोजून घेता येणाऱ्या मापांची. हातात कॅलिपर असलेला कुणीही चांगला यंत्रज्ञ त्या मापाचा भाग घडवू शकत होता.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नेमकं हेच घडलं. लीफ कंपनीची पहिली डिजिटल बॅक बाजारात आली ती अशाच कॅमेऱ्यांच्या पाठीवर बसण्यासाठी. तिचा सेन्सर चार मेगापिक्सेलचा होता, आणि तोही केवळ कृष्णधवल. रंग हवा असेल तर समोर लाल, हिरवा आणि निळा फिल्टर फिरवत तीन वेळा फोटो घ्यावा लागे. म्हणजे माणसाचा फोटो निघणं अशक्यच. घड्याळं, दागिने, कॅटलॉगमधल्या वस्तू, जे काही हलत नाही ते टिपायचं. बॅकमधून निघालेली केबल थेट मॅकिंटॉश संगणकाला जोडलेली असे. तरीही जाहिरात आणि कॅटलॉगच्या स्टुडिओंना ती परवडली, कारण फिल्म धुणं, स्कॅन करणं आणि त्यात जाणारा वेळ वाचत होता.

पुढच्या दहा वर्षांत या पाठीवर बसायला बरेच जण पुढे आले. डेन्मार्कच्या कोपनहेगनमधून फेज वन आणि इमाकॉन, अमेरिकेतून कोडॅक, स्वित्झर्लंडहून सिनार, जर्मनीतून येनऑप्टिक. बॉडीही वेगवेगळ्या होत्या: हॅसलब्लाड, मामिया, कॉन्टॅक्स, ब्रोनिका. मिडियम फॉरमॅट म्हणजे ३५ मिमी फिल्मपेक्षा मोठी चौकट. तिच्यातून येणारा तपशील फॅशन, वास्तू आणि उत्पादनांच्या फोटोंना हवा असे. त्या काळातला स्टुडिओ एकाची बॉडी, दुसऱ्याची बॅक आणि तिसऱ्याची लेन्स असा संसार मांडू शकत होता. जोडणीचं एक छोटं उदाहरण सांगतो. जुन्या ५००सीसारख्या कॅमेऱ्यात विजेचा संबंधच नव्हता. त्यामुळे शटर केव्हा उघडलं हे बॅकला कळावं म्हणून लेन्सच्या फ्लॅश-सॉकेटमधून एक बारीक वायर बॅकपर्यंत आणावी लागे. ती वायर सैल झाली की फोटो गेलाच. तरी जोडणी चालायची, आणि त्यासाठी कुणाची परवानगी घ्यावी लागत नव्हती.

बॅक मात्र एकटी येत नव्हती. प्रत्येक बॅकसोबत तिचं सॉफ्टवेअर असे: लीफचं लीफ कॅप्चर, फेज वनचं कॅप्चर वन, इमाकॉनचं फ्लेक्सकलर. यामागचं कारण सेन्सरच्या स्वभावात आहे. सेन्सरला रंग दिसत नाही. त्याच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा असा एकच फिल्टर असतो आणि त्यातून किती उजेड आला एवढंच तो नोंदवतो. या कच्च्या नोंदीला रॉ फाइल म्हणतात. तिच्यातून त्वचेचा रंग, रेशमाची चमक, सावलीतला तपशील उभा करायचं काम सॉफ्टवेअर करतं. कोणता फिल्टर किती गडद, कोणत्या प्रकाशात कोणती दुरुस्ती करायची, नोंदी फाइलमध्ये कुठे लिहिल्या आहेत, हे सगळं प्रत्येक कंपनी आपल्याकडेच ठेवी. लीफच्या फाइलची रचना वेगळी, इमाकॉनची वेगळी, फेज वनची वेगळी.

मराठी प्रकाशन व्यवसायातल्या लोकांना ही अडचण नवी नाही. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवलेली पुस्तकं आजही अनेकांच्या डिस्कवर पडून आहेत. मजकूर त्यांचाच असतो, पण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की पडद्यावर निरर्थक चिन्हं उमटतात. रॉ फाइलचं अगदी हेच होतं. फोटो छायाचित्रकाराचा, पण तो वाचायची रीत कंपनीच्या कपाटात.

ही कुलपं उघडायचे प्रयत्नही झाले. अमेरिकेतले डेव्ह कॉफिन १९९७ पासून डीसीरॉ नावाचा मुक्त प्रोग्रॅम लिहीत होते. फाइलींची रचना एकेक करून उलगडत ते तो वाढवत गेले, आणि पुढे कित्येक सॉफ्टवेअरांनी त्याचा आधार घेतला. सप्टेंबर २००४ मध्ये अडोबीनं डीएनजी हा खुला फॉरमॅट जाहीर केला. त्याची संपूर्ण रचना सगळ्यांपुढे होती. प्रत्येक कॅमेरा-कंपनीनं तो घेतला असता तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. बहुतेकांनी तो घेतला नाही.

याच सुमाराला मैदानही आकसत चाललं होतं. क्योसेरानं २००५ मध्ये कॉन्टॅक्सचं उत्पादन थांबवण्याचा निर्णय घेतला. ब्रोनिका संपली. मामियानं २००६ मध्ये आपला कॅमेरा-विभाग विकून टाकला. बॅक बनवणाऱ्यांना बसायला ज्या पाठी होत्या, त्या एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. उरलेल्यांत सगळ्यात भक्कम आणि आधुनिक बॉडी होती हॅसलब्लाडची एच मालिका. जपानच्या फुजीफिल्मच्या सहकार्यानं बनलेला एच१ २००२ मध्ये आला होता. ऑटोफोकसचा हा कॅमेरा विजेवर चालणारा होता. त्याची बॉडी, लेन्स आणि बॅक धातूच्या संपर्कबिंदूंमधून एकमेकांशी बोलत. ५००सी आणि एच१ यांच्यातला खरा फरक इथे आहे. आकड्यांची मापं कॅलिपरनं घेता येतात. इलेक्ट्रॉनिक संभाषणाला मात्र संकेत लागतो, आणि तो संकेत बदलायचा अधिकार बनवणाऱ्याच्या हातात असतो.

२००३ मध्ये हॅसलब्लाड हाँगकाँगच्या श्रिरो समूहाकडे गेली होती. २००४ मध्ये तिचं आणि इमाकॉनचं विलीनीकरण झालं. इमाकॉनचे संस्थापक क्रिस्टियन पोल्सेन यांच्याकडे एकत्रित कंपनीची सूत्रं आली. आता बॉडी, बॅक आणि सॉफ्टवेअर तिन्ही एकाच घरात होतं. एच१डी आणि एच२डी हे त्याचे पहिले परिणाम. तोवर नुसती एच२ बॉडी घेऊन तिला दुसऱ्याची बॅक लावता येत होती. एच३डीनं तो रस्ता बंद केला.

हॅसलब्लाडची बाजूही नीट ऐकली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य होतं. कंपनीचं म्हणणं असं, की सगळे भाग आपलेच असतील तरच खरी अचूकता येते. एच३डीचं फोकस त्या त्या लेन्सची आणि सेन्सरची नेमकी माहिती धरून दुरुस्त केलं जाई. प्रत्येक फोटोसोबत लेन्स कोणती, अंतर किती, छिद्र किती, ही नोंद फाइलमध्ये जात असे, आणि फ्लेक्सकलर त्यावरून लेन्सचे दोष काढून टाकी: कडांना येणारी रंगीत झालर, वाकलेल्या रेषा, कोपऱ्यातला अंधार. एच३डीसोबत आलेली २८ मिमीची एचसीडी लेन्स तर याच विश्वासावर आखली होती. तिनं फक्त ४८ बाय ३६ मिमीच्या सेन्सरपुरतंच चित्र द्यायचं आणि राहिलेला दोष गणितानं काढायचा. त्यामुळे लेन्स आटोपशीर झाली. आज मोबाइलपासून मिररलेस कॅमेऱ्यापर्यंत सगळीकडे लेन्स आणि सॉफ्टवेअर मिळून चित्र घडवतात. त्या वाटेवर हॅसलब्लाड फार लवकर निघाली होती, हे मान्य करायलाच हवं.

तरीही अचूकतेसाठी एकत्र आखणी करणं वेगळं आणि दुसऱ्याला दारच बंद करणं वेगळं. लेन्सच्या दुरुस्तीचं गणित बाकीच्यांना वाचता येईल अशा रीतीनं फाइलमध्ये लिहिता आलं असतं. बॅकच्या संभाषणाचा संकेत बाकीच्यांना देता आला असता. ज्याला सर्वांत नेमकं फोकस हवं त्यानं हॅसलब्लाडची बॅक घेतली असती, आणि ज्याच्याकडे लीफची बॅक आधीच होती त्यानं ती लावून काम चालू ठेवलं असतं. निवड ग्राहकाची राहिली असती. एच३डीनं ती काढून घेतली.

याचे पडसाद लगेच उमटले. बॅक बनवणाऱ्यांना बॉडी शोधणं भाग पडलं. फेज वननं मामियाचा हात धरला आणि २००८ मध्ये स्वतःच्या नावानं ६४५ कॅमेरा बाजारात आणला. २००९ मध्ये मामियात मोठा हिस्सा घेतला. लीफ आणि सिनार जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये बनणाऱ्या हाय६ या कॅमेऱ्याकडे वळले, पण तो बनवणारी फ्रांके अँड हायडेके कंपनी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. लीफची मालकी साइटेक्स, क्रिओ आणि कोडॅक असा प्रवास करत त्याच वर्षी फेज वनकडे आली. खुल्या पाठीवर जगणारे अनेक स्वतंत्र उत्पादक होते. तीन वर्षांत त्यांच्यातून मुख्यतः दोन मोठे गट उरले.

वेळही वाईट होती. २००८ च्या आर्थिक मंदीनं जाहिरातीची बजेटं कापली. खालच्या बाजूनं कॅनन आणि निकॉनचे कॅमेरे वर येत होते. त्याच वर्षी आलेला कॅननचा ५डी मार्क टू २१ मेगापिक्सेलचा होता, आणि त्याची किंमत मिडियम फॉरमॅटच्या मानानं किरकोळ होती. बाहेरून पाणी चढत असताना हे दोन गट एकमेकांचे दरवाजे अडवत राहिले.

त्यातला दुसरा दरवाजा फेज वनचा होता. त्याचं कुलूप कॅमेऱ्यात नव्हतं, सॉफ्टवेअरमध्ये होतं, म्हणून ते चटकन लक्षात येत नसे. कॅप्चर वन मुळात फेज वनच्या बॅकसाठी लिहिलेलं. पुढे कंपनीनं त्यात कॅनन आणि निकॉनच्या फाइलींनाही जागा दिली, आणि बघता बघता फॅशन आणि जाहिरातीच्या स्टुडिओंत ते घरोघरीचं झालं. त्याची कामाची पद्धतच तशी होती. कॅमेरा केबलनं संगणकाला जोडलेला. शटर दाबलं की काही क्षणांत फोटो मोठ्या पडद्यावर, आणि आर्ट डायरेक्टर, स्टायलिस्ट, ग्राहक सगळे तो तिथेच बघतायत. प्रत्येक कामासाठी ‘सेशन’ उघडायचं. त्यात चार फोल्डर आपोआप तयार होतात: आलेले फोटो, निवडलेले, पक्के करून बाहेर काढलेले आणि टाकाऊ. संध्याकाळी तोच फोल्डर डिस्कवर घेऊन निघायचं. संगणकापाशी बसणाऱ्या डिजिटल टेक्निशियनला ही रीत पाठ असे. न्यूयॉर्क असो वा लंडन, रोजंदारीवर आलेला माणूस पहिल्या मिनिटापासून कामाला लागे.

या कॅप्चर वनमध्ये हॅसलब्लाडची फाइल उघडत नव्हती. पेंटॅक्सच्या ६४५ ची नाही, लायकाच्या एस मालिकेचीही नाही. साध्या कॅननची फाइल चाले, पण प्रतिस्पर्ध्याच्या मिडियम फॉरमॅटची चालत नसे. तांत्रिक अडथळा असता तर समजण्यासारखं होतं. पण लायका आणि पेंटॅक्सच्या या कॅमेऱ्यांतून खुली डीएनजी फाइल मिळत होती. काही हौशी लोकांनी फाइलमधल्या नोंदीत कॅमेऱ्याचं नाव तेवढं बदलून पाहिलं. प्रत्येक रॉ फाइलच्या सुरुवातीच्या भागात कॅमेऱ्याचं मॉडेल लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअर ते वाचतं आणि आपल्या यादीत शोधतं. यादीतलं दुसरं नाव घातल्यावर बंद असलेली फाइल उघडल्याची उदाहरणं आहेत. अडवणूक व्यापारी होती, याला वेगळा पुरावा नको. स्टुडिओ कॅमेरा निवडताना आधी सॉफ्टवेअरचा विचार करू लागले आणि फेज वनच्या बॅक विकल्या गेल्या.

हॅसलब्लाडनं २००८ मध्ये फ्लेक्सकलरच्या जागी फोकस नावाचं नवं सॉफ्टवेअर आणलं. रंगांच्या बाबतीत ते उत्तम होतं, विशेषतः त्वचेच्या छटा आणि कापडांचे रंग त्यात फार सुरेख येत. पण त्यावर काम करणारा प्रशिक्षित माणूस प्रत्येक शहरात तयार नव्हता. शेवटी कंपनीलाही दार थोडं उघडावं लागलं. २०११ मध्ये एच४एक्स ही बॉडी आली. तिला पुन्हा इतरांच्या बॅक लावता येत होत्या. पाच वर्षांपूर्वी जे काढून घेतलं होतं, ते परत दिलं गेलं. पण तोवर बरेच ग्राहक दुसरीकडे स्थिरावले होते.

या भांडणाचा कणाच मोडला तो २०१४ मध्ये. सोनीनं ४४ बाय ३३ मिमीचा, सुमारे ५० मेगापिक्सेलचा सीमॉस सेन्सर बनवला. तोवर मिडियम फॉरमॅटमध्ये कोडॅक आणि डाल्साचे सीसीडी सेन्सर चालत. ते कमी उजेडात थकत आणि लाइव्ह व्ह्यूला संथ पडत. नवा सेन्सर या दोन्ही बाबतींत कितीतरी पुढे होता, आणि तो कुणालाही विकत मिळत होता. फेज वनची आयक्यू२५० बॅक, हॅसलब्लाडचा एच५डी-५०सी आणि पेंटॅक्सचा ६४५झेड या तिघांत एकाच घराण्याचा सेन्सर बसला. आयक्यू२५० ची किंमत सुमारे ३५ हजार डॉलर. ६४५झेडच्या संपूर्ण बॉडीची साडेआठ हजार. सेन्सर एक असताना चौपटीचा फरक कशाचा? त्यात बांधणी होती, सेवा होती, लेन्सची साखळी होती. पण मोठा वाटा सॉफ्टवेअरचा आणि त्याभोवती उभ्या राहिलेल्या सवयीचा होता.

मग फुजीफिल्म थेट मैदानात उतरली. २०१७ च्या सुरुवातीला जीएफएक्स ५०एस आला, साडेसहा हजार डॉलरला. फुजीचा कॅमेरा स्वस्त होता, लेन्स चांगल्या होत्या, पण व्यावसायिकांची तक्रार एकच: हा कॅप्चर वनमध्ये चालत नाही. २०१८ मध्ये फुजीफिल्म आणि फेज वन यांच्यात सहकार्य झालं आणि जीएफएक्सच्या फाइली कॅप्चर वनमध्ये उघडू लागल्या. फेज वननं त्याच वर्षी १५० मेगापिक्सेलची, पूर्ण ६४५ आकाराच्या सेन्सरची आयक्यू४ बॅक आणली होती. वरच्या टोकाला तिचं स्थान पक्कं होतं. खालच्या बाजूला बॅक विकण्यापेक्षा हजारो फुजीवाल्यांना सॉफ्टवेअर विकण्यात जास्त हित आहे, हा हिशेब त्यात स्पष्ट दिसतो. पुढे कॅप्चर वन फेज वनपासून वेगळी कंपनीच झाली.

इथे लढाईची गोष्ट संपते, पण तिची किंमत अजून चुकती होते आहे. इमाकॉनचे फ्लेक्सटाइट स्कॅनर फिल्म स्कॅन करण्यात आजही नावाजले जातात. ते फ्लेक्सकलरवर चालतात. फ्लेक्सकलर ३२ बिटचं. २०१९ मध्ये ॲपलच्या कॅटालिना प्रणालीनं ३२ बिटचे प्रोग्रॅम चालवणं बंद केलं. परिणामी मॅकवर हे स्कॅनर वापरणाऱ्यांना जुना मॅक जपून ठेवावा लागतो. यंत्र धडधाकट, फिल्म शाबूत, माणूस हजर. अडलं ते त्या एका प्रोग्रॅमसाठी. ज्यांची जुनी रॉ छायाचित्रं एखाद्या बंद पडलेल्या सॉफ्टवेअरशी बांधली गेली, त्यांच्यापुढेही हाच प्रश्न येतो. फिल्मची निगेटिव्ह साठ वर्षांनी उजेडासमोर धरली तरी तिच्यात काय आहे ते दिसतं. रॉ फाइलला ही हमी तेव्हाच मिळते, जेव्हा तिची रचना जाहीर असते.

या इतिहासातून मला एक भेद ठामपणे मांडावासा वाटतो. कंपनीनं आपली रंगांची कृती गुप्त ठेवावी. ती तिच्या मेहनतीची कमाई आहे. त्वचेचा रंग माझ्याच सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत सुंदर येतो असं तिनं म्हणावं आणि तसं सिद्ध करून ग्राहक जिंकावा. ही निकोप स्पर्धा. पण फाइलच्या आत नोंदी कुठे आणि कशा लिहिल्या आहेत, ही माहिती गुप्त ठेवायचा हक्क कंपनीला नाही, कारण त्या नोंदी छायाचित्रकाराच्या आहेत. प्रकाश त्यानं लावला, क्षण त्यानं निवडला, कॅमेऱ्याचे पैसे त्यानं मोजले. तेव्हा नवा कॅमेरा घेणाऱ्यानं मेगापिक्सेलच्या आधी विक्रेत्याला विचारायचा प्रश्न हा आहे: या कॅमेऱ्याची फाइल तुमच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडते का, आणि तुमची कंपनी नसेल तेव्हाही उघडेल का? याचं उत्तर ‘हो’ असं मिळेपर्यंत पैसे खिशातच ठेवावेत. हॅसलब्लाडला एच४एक्स काढायला आणि फेज वनला फुजीशी हात मिळवायला लावलं ते ग्राहकांच्या याच दबावानं, आणि यापुढचे दरवाजेही त्यानंच उघडतील.